मिरजेच्या चाचांना आभारपत्र

आदरणीय चाचा,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही लिहू नये असे आपण निघताना बजावले होते, म्हणून ते गाळले आहे. सतारमेकर गल्लीतल्या जाणकारांनी ओळखलेच, तर त्याला माझा इलाज नाही.

मी आपल्याकडे आलो तेव्हा माझ्या पिशवीत स्वतः घडवलेल्या गिटारीच्या दांडीचे दोन तुकडे होते. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारीत असतो तसा 17 अंशांचा मागचा कल मला गिटारीच्या डोक्याला, म्हणजे दांडीच्या टोकाशी खुंट्या बसतात त्या भागाला, हवा होता आणि तो मी एकसंध सागाच्या फळीतून कापून काढला होता. स्टँडवरून गिटार एकदाच पडली आणि डोके मानेपाशी तुटले. आपण तुटलेली कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणालात, "रेषा आडव्या गेल्यात, बिस्किटासारखं तुटणारच." महिनाभर नकाशे काढणाऱ्या मला लाकडाच्या रेषा तोवर दिसल्याच नव्हत्या.

त्यानंतर आपण मला सांधा शिकवलात. 20 मिलिमीटर जाडीच्या पट्टीला 13 अंशांचा तिरपा काप दिला, की कापाची लांबी सुमारे 89 मिलिमीटर भरते. कापलेला तुकडा उलटा करून चिकटवला, की डोक्यातही रेषा उभ्याच धावतात आणि सरसाला धरायला भरपूर जागा मिळते. शिकंजा आवळताना ओल्या सरसावर दोन्ही तुकडे घसरू लागले, तेव्हा पुढे कापून टाकायच्या भागात बांबूच्या दोन काड्या ठोकून आपण ते जागीच थांबवले. माझ्याकडच्या कोणत्याही पुस्तकात ही युक्ती नव्हती.

खरे ऋण मात्र दोऱ्याचे आहे. माझ्या आराखड्यात डोके वरच्या बाजूला रुंद होत गेले होते, कारण मला ते देखणे वाटत होते. त्यामुळे तारा मानेवर ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिच्यापासून बाहेरच्या बाजूला वळत, आणि तिसरी तार त्या वळणावर अडकून सुरात येता येता निसटे. तो आराखडा आपण बाजूला ठेवलात, हाडाच्या पट्टीतल्या सहा खाचांमधून सहा काळे दोरे सरळ ताणलेत आणि दोऱ्यांखाली कोरा कागद सरकवलात. मी दोऱ्यावरच खुणा करू लागलो, तेव्हा आपण पेन्सिल काढून घेतलीत. "दोरा खुंटीच्या पोटातनं जात नाही, कुशीतनं जातो," असे म्हणून आपण प्रत्येक खूण खुंटीच्या निम्म्या जाडीएवढी, म्हणजे 3 मिलिमीटर, बाहेर घेतलीत. तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या खुंट्या समोरासमोर आल्या असत्या तर 10 मिलिमीटरच्या दोन भोकांमध्ये जेमतेम लाकूड उरले असते. म्हणून एक वर आणि एक खाली ठेवलीत. डोक्याचा आकार आम्ही शेवटी काढला, त्या सहा ठिपक्यांभोवती. तो वर निमुळता झाला आहे आणि माझ्या मूळ चित्राशी त्याचे काहीही साम्य उरलेले नाही, याचे मला आता वाईट वाटत नाही.

फेंडर कंपनीच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींत सहाही खुंट्या एका बाजूला असतात आणि तारा सरळ जातात, हे मला वाचून ठाऊक होते. तसे का केले असावे, हे मात्र आपल्या दोऱ्यांनी दाखवले.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माझी गिटार त्यात बसत नाही, हे उघडच आहे. परंतु तिच्या डोक्यावर आपण दिलेल्या, तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेल्या 'तून' नावाच्या लाकडाची 2 मिलिमीटरची पट्टी आहे, आणि पॉलिश दिल्यावर ती तांबूस झाली आहे. त्या पट्टीचे पैसे आपण घेतले नाहीत, तेव्हा निदान हे आभार तरी स्वीकारावेत.

ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरसात संगीतसभा ऐकायला येईन, तेव्हा गिटार घेऊन येतो; तिसरी तार आपणच लावून पाहावी. सहा ठिपक्यांचा तो कागद आपल्याच कपाटात राहिला आहे. कृपया जपून ठेवावा, दुसऱ्या गिटारीसाठी लागणार आहे.

आपला कृतज्ञ,
दोन तुकडे घेऊन आलेला पुण्याचा मुलगा