वरचा प्लॅन नको, खांबापासूनची तार बदलून द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : पावसात ब्रॉडबँड वारंवार तुटणे व घरापर्यंतची तार बदलून मिळणे

महोदय,

मृग लागल्यापासून आमचे ब्रॉडबँड धड चालत नाही. लँडलाइनवर सतत खरखर असते. फोनची घंटी वाजली की मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकतो आणि इंटरनेट जाते. तक्रार नोंदवली की तुमच्याकडून ठरलेले उत्तर येते : मॉडेम बदला, नाहीतर वरचा प्लॅन घ्या. शेजाऱ्यांचा मॉडेम लावून पाहिला, काडीचा फरक नाही. दोष तारेत आहे.

आधी घरातले वायरिंग तपासले. माडीवरचा पॅरलल फोन केव्हाच काढला होता, पण त्याची वायर रोझेटला (भिंतीवरच्या फोनच्या डबीला) तशीच जोडलेली होती. बोलण्याचा आवाज 4 किलोहर्ट्झच्या आत मावतो, म्हणून फोनला अशा वायरीचा त्रास जाणवत नाही. ब्रॉडबँडचा सिग्नल, म्हणजे एडीएसएल2+, मात्र 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत जातो. तो सिग्नल मोकळ्या वायरीत शिरतो, टोकाला आपटून परततो आणि मूळ सिग्नल बिघडवतो. ती वायर मी सोडवली, फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारा स्प्लिटर थेट रोझेटला लावला आणि मॉडेमपर्यंतची लांबलचक चपटी वायर काढून पीळ असलेल्या दोन तारांची जोडी टाकली. मॉडेमच्या पानावरचे एसएनआर मार्जिन (खरखरीपुढे सिग्नल किती तग धरेल याचे माप) 5 डेसिबलवरून 9 वर आले. 6 च्या खाली लाइनचा भरवसा नसतो, हे तुमच्या तंत्रज्ञांना सांगायला नको.

उघडीप असली की आता लाइन टिकते. सर आली की तेच मार्जिन 3 वर घसरते आणि सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या डेटाच्या चुका) भराभर वाढतात. घरातली वायर तर कोरडी आहे. भिजते ती बाहेरची. खांबावरच्या डीपीपासून (टेलिफोनच्या जोडणीच्या पेटीपासून) आमच्या भिंतीपर्यंतच्या तारेला जागोजागी जोड आहेत, नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेले. भिंतीजवळच्या जोडाची टेप सुटली आहे, आतले तांबे हिरवे पडलेले दिसते. लाइनमनदादा बोलावल्यावर येतात, भर पावसात शिडी लावतात, पण त्यांच्याजवळ नवी तार नसते. मग त्याच जोडावर पुन्हा टेप. त्यांच्याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही, त्यांना रिकाम्या हाताने पाठवणाऱ्यांबद्दल आहे.

मुलीचे वर्ग याच लाइनवर चालतात आणि आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. बिल मात्र दर महिन्याला पूर्ण येते.

तरी डीपीपासून रोझेटपर्यंत पीळ असलेली, मध्ये एकही जोड नसलेली नवी तार टाकून द्यावी. डीपीतली गंजलेली टोकेही बदलावीत. काम झाल्यावर लाइनची चाचणी पाऊस पडत असताना घ्यावी आणि मार्जिनचे आकडे मला लेखी द्यावेत. बंद काळाचे भाडे पुढच्या बिलातून वजा करावे. माझ्याकडच्या नोंदी आणि जोडांचे फोटो सोबत जोडले आहेत. तार बदलेपर्यंत प्लॅन वाढवण्यासाठी मला फोन करू नयेत.

आपला,
एक जुना ग्राहक