बाजाराच्या दिवशी दुपारी मीटिंग हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातला शेतकरी. दारू सुटून सहा वर्षं झाली. रोज सकाळी फक्त त्या दिवसापुरती सोडतो, म्हणून इतकी टिकली.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी पाठवताना मिळालेल्या कागदावर गोळ्यांच्या खाली एक ओळ होती, 'एए मीटिंगला नियमित जाणे.' कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, काही नाही. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार द्यायची संघटना. हे नावसुद्धा मी केंद्रातच पहिल्यांदा ऐकलेलं. ओळखीच्या एकाने शहरातला पत्ता दिला. एसटीने गेलो, तर पत्ता जुना निघाला आणि दाराला कुलूप. शेजारच्या दुकानदाराला काही ठाऊक नव्हतं. स्टँडकडे परत येताना दारूची तीन दुकानं लागली. त्यांच्यावर पाट्या होत्या, दिवे होते, कोणाला विचारावं लागलं नाही. मी प्यायलो, आणि पुढचे चार महिने पीत राहिलो.

मग घरच्या मंडळींनी कुठून तरी एक नंबर मिळवला. पलीकडच्या माणसाने माझं नाव विचारलं नाही. "आज घेतली का?" एवढंच विचारलं आणि म्हणाला, "उद्या या, मी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी उभा राहतो." दुसऱ्या दिवशी तो तिथे होता. शाळेची एक खोली, दहा-बारा खुर्च्या, चहाची किटली. एकाने "ये भो, बठ" म्हणत खुर्ची सरकवली. कोणी रेल्वेतला, कोणी केळीचे ट्रक भरणारा, कोणी मास्तर. एकेक जण 'मी अल्कोहोलिक आहे' असं म्हणून आपलं सांगत होता. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, बायकोची मोडलेली पोत, गोठ्यात कुट्टीखाली लपवलेली बाटली. हे सगळं माझंच होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. इतकी वर्षं घरच्यांनी, डॉक्टरांनी, कीर्तनकारांनी समजावलं ते पटत होतं, पण आत उतरत नव्हतं. त्या दिवशी उतरलं.

तिथे फी नसते. शेवटी डबा फिरतो, जमेल त्याने टाकायचं, त्यातून भाडं आणि चहा भागतो. बाहेरची देणगी घेत नाहीत. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. या चळवळीची सुरुवातही अशाच शोधाशोधीतून झाली. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेलेल्या एका शेअर दलालाचा व्यवहार फसला. हॉटेलात एकट्याला पिण्याची ओढ लागली, तेव्हा त्याने फोनावर फोन करून आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधला. तो एक सर्जन निघाला. दोघे बोलत बसले, त्यातून एए उभी राहिली.

आता अडचण सांगतो. मला माहीत असलेल्या मीटिंगा संध्याकाळच्या आहेत. शहरातल्या नोकरदाराला ते बरोबर, पण आमच्या गावाची शेवटची गाडी त्याआधीच सुटते. पहिल्या वर्षी कितीतरी रात्री मी स्टँडच्या बाकावर काढल्या. माझ्याबरोबर केंद्रातून सुटलेले दोघे हे करू शकले नाहीत. त्यातला एक आज नाही. मोबाइलवरच्या मीटिंगा चांगल्या आहेत, मीही बसतो, पण सातपुड्याच्या पायथ्याला रेंज मिळेलच असं नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात पोरांसमोर मन मोकळं कसं करायचं?

तालुक्याला आठवडे बाजार भरतो त्या दिवशी खेड्यातला माणूस येतोच. दारूवर सर्वांत जास्त पैसा त्याच दिवशी उडतो. तेव्हा प्रत्येक तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी दुपारी एक मीटिंग सुरू व्हावी. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, दारूपासून दूर राहायचं म्हणून दोघे-तिघे जमले तरी एएचा गट होतो. खोली तेवढी लागते. ग्रामपंचायती, शाळा, मंगल कार्यालयं यांनी माफक भाड्यात ती द्यावी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि पोळ्याला मीटिंग मुद्दाम ठेवावी. आखाजीला पत्त्यांच्या डावात बाटली मधोमध असते आणि नव्याने सोडलेला त्या दिवशी हमखास घसरतो.

आपल्या दैनिकाला विनंती अशी, की 'आजचे कार्यक्रम' या सदरात मीटिंगचं ठिकाण, वार, वेळ छापत जावी, आणि दर महिन्याला खात्री करून छापावी. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात, त्यांचीही माहिती द्यावी.

एक गोष्ट मात्र मीटिंगवर सोडू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी सरकारी दवाखाना गाठावा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे.

मी हे संघटनेच्या वतीने लिहिलेलं नाही. वृत्तपत्रात सभासदाने आपलं नाव देऊ नये अशी आमची परंपरा आहे. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो छापू नये.

आपला,
एक वाचक, चोपडा तालुका