बाबांच्या खांद्याबद्दल, दोघांनाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं राहूनच जातं, म्हणून लिहिते. बाबा म्हणतात, खांद्याचं ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, आता डंबेल का नाही? आई म्हणते, डंबेल भंगारात द्या. मला दोन्ही पटत नाही.

बाबा, तुमचा खांदा दुखत होता तो कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, झिजून हाडावर हाड घासत होतं म्हणून. कृत्रिम सांधा बसवला, घासणं थांबलं. पण सांध्यापर्यंत पोचायला सर्जननी खांद्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस हा स्नायू हाडापासून सोडवून परत शिवलाय. ती शिवण पक्की धरायला 6 ते 12 आठवडे जातात, आणि ती उसवताना आधी दुखेलच असं नाही. म्हणून खुर्चीतून उठताना त्या हातावर भार नको. तुम्ही देता! व्हिडिओ कॉलवर दिसतं मला. आई ओरडली की हात गुपचूप मांडीवर येतो. जड दार ढकलणं नको, हात मागे नेऊन शर्ट खोचणंही नको. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत, काढताना सगळ्यात शेवटी. चालायला मात्र कुणी अडवलेलं नाही, तेव्हा पायांनी आळस करायचं कारण नाही.

आई, वजनं कायमची बंद, हेही चुकीचंच. सांधा धातूचा नि प्लास्टिकचा असला तरी त्याला जागेवर धरून ठेवतात ते स्नायूच, आणि या वयात न वापरलेले स्नायू भराभर जातात. साधारण 3 महिन्यांनी, सर्जननी हो म्हटल्यावर, फिजिओ रबर बँडपासून सुरुवात करून देतील. मग हलकं रोइंग, म्हणजे वजन स्वतःकडे ओढणं, आणि हलके डंबेल. जड बेंच प्रेस (बाकावर झोपून वजन वर ढकलणं), डिप्स (दोन हातांवर अंग तोलून खालीवर होणं), मानेमागून बार उचलणं मात्र विसरा, बाबा. तशा ताणानं खोबणीतली प्लास्टिकची वाटी सैल होऊ शकते, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. छातीचा व्यायाम हवाच असेल तर पुढे जमिनीवर झोपून हलक्या डंबेलनं करता येईल. कोपर जमिनीला टेकतं, त्यामुळे हात फार मागे जातच नाही.

जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा हाताची ताकद अचानक गेली, तर मला नंतर सांगा, डॉक्टरांना आधी.

पुढच्या तपासणीला कोणता व्यायाम, किती वजन, कधीपासून, हे सगळं कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं तुम्ही दोघंही आपापल्या सोयीनं ऐकता.

तुमची लेक