सात थर बाजूला ठेव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम सात पायऱ्यांत मांडणाऱ्या आराखड्याचे, सातही थर एका दमात म्हणून दाखवलेस आणि हळूच म्हणालीस, "आई, पाठ झालंय, पण कळलं काहीच नाही." हे तुझं तुलाच उमगलं, याचा मला आनंद झाला. थर थोडे दिवस बाजूला ठेव. आधी एवढंच पक्कं कर: पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवताना प्रत्येक कॉम्प्युटर बघतो, की समोरचा माझ्याच नेटवर्कातला आहे की बाहेरचा? आतला असेल तर थेट त्याच्याकडे, बाहेरचा असेल तर गेटवेच्या, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरच्या, हवाली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी याच गोष्टीने मला रडवलं होतं. एका मशीनवरून शेजारच्या प्रिंटरवर छपाई होत होती, पण इंटरनेट काही केल्या लागत नव्हतं. मी केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, नेटवर्क कार्डसुद्धा बदललं. रात्री उशिरा शेवटी वही घेऊन आकडे मांडले. मशीन १९२.१६८.१.२०, प्रिंटर १९२.१६८.१.५०, गेटवे १९२.१६८.१.२५४. आणि मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा? २५५.२५५.२५५.१२८. शेवटी ० हवा होता, तिथे मीच १२८ टाकला होता.

हे तू स्वतःच्या हाताने बायनरीत लिहून बघ. १२८ म्हणजे १०००००००. मास्कमध्ये जिथवर १ आहेत तिथवर नेटवर्क, पुढची शून्यं त्यातल्या यंत्रांसाठी. त्या एका जास्तीच्या १ मुळे नेटवर्कचे दोन तुकडे पडले, ० ते १२७ आणि १२८ ते २५५. २० आणि ५० पहिल्या तुकड्यात, २५४ दुसऱ्यात. बाहेर जायचं ते गेटवेतून, आणि त्या मशीनच्या लेखी गेटवेच बाहेरचा! तो आकडा बदलला आणि क्षणात सगळं सुरू झालं. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे असे तुकडे पाडणं, मला त्या रात्री कळलं.

तेव्हापासून बिघाड शोधताना मी जवळून लांब जाते. आधी १२७.०.०.१ ला, म्हणजे यंत्राच्या स्वतःकडेच परत येणाऱ्या पत्त्याला, पिंग ("आहेस का?" विचारणारं छोटं पॅकेट), मग स्वतःच्या पत्त्याला, मग गेटवेला, मग बाहेरच्या एखाद्या आयपी पत्त्याला, आणि सर्वांत शेवटी नावाला. पत्ता उत्तर देतो पण नाव देत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, बघायचं. स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही. मात्र पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे यंत्र बंद आहे असं धरू नकोस. पुष्कळ फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा रोखणारे पहारेकरी, पिंग अडवतात.

२९ ऑक्टोबर १९६९ ला इंटरनेटच्या पूर्वजावरून, अर्पानेटवरून, पहिला संदेश गेला, तेव्हाही माणसं असंच करत होती. 'लॉगिन' शब्दातलं एकेक अक्षर पाठवायचं आणि पोचलं का, ते फोनवर विचारायचं. 'एल' पोचलं, 'ओ' पोचलं, आणि पुढे यंत्रणा बंद पडली. निदान कुठवर पोचलं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आयपीव्ही६ ची, म्हणजे जास्त लांब पत्त्यांच्या नव्या पद्धतीची, घाई नको. आधी ३२ बिटांचे पत्ते हातात बसू देत.

या आठवड्यात पॅकेटची वाट दाखवणारं ट्रेसराउट चालवून बघ. दर राउटरला पॅकेटचा टीटीएल, म्हणजे अजून किती टप्पे जाऊ द्यायचं तो आकडा, एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की तो राउटर पॅकेट टाकून देऊन तसं कळवतो, म्हणून वाटेतले टप्पे दिसतात. मध्ये नुसत्या चांदण्या (*) दिसल्या आणि पुढचे टप्पे आले, तर तो राउटर फक्त गप्प बसलाय. आलेलं सगळं वहीत उतरव, रविवारी फोनवर एकेक ओळ वाचू.

तुझी,
आई