सेन्सर सफाईचे पैसे घेतले, डाग तसेच : कॅमेरा कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सेन्सरची सफाई नीट न झाल्याबद्दल व दुसऱ्यांदा शुल्क मागितल्याबद्दल तक्रार

महोदय,

मी परभणीत राहतो. लग्नसमारंभांचे आणि निसर्गाचे फोटो काढणे हाच माझा व्यवसाय आहे. तुमच्या कंपनीचा फुल-फ्रेम कॅमेरा मी त्यासाठीच घेतला. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आमच्याकडे हवेत इतका भुसा आणि काळ्या मातीचा फुफाटा असतो, की लेन्स कितीही जपून बदलली तरी बारीक कण आत, प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर, जातातच. ब्लोअरने निघेल तेवढी धूळ मी काढतो. चिकटून बसलेल्या कणांना स्वॅब (सफाईच्या द्रवात भिजवलेली मऊ पट्टी) लागतो, आणि तो स्वतः न वापरता सर्व्हिस सेंटरकडे यावे असे तुमच्याच माहितीपुस्तिकेत लिहिले आहे. मराठवाड्यात तुमचे सेंटर नसल्याने मी कॅमेरा कुरिअरने पुण्याला पाठवला आणि सफाईचे पूर्ण शुल्क भरले.

कॅमेरा परत आला तो आधीपेक्षा वाईट अवस्थेत. पार्सल उघडले त्याच दिवशी, खोलीची दारे-खिडक्या बंद करून, लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्याचा फोटो काढला : ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश येण्याचे छिद्र) बारीक म्हणजे एफ/१६, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, फोकस मुद्दाम हलवलेला. जुने गोल डाग जागच्या जागी होते. त्याशिवाय मधोमध एक आडवा फिकट पट्टा होता आणि उजव्या कडेला कणांची रांगच लागली होती. पट्टा म्हणजे सफाईचे द्रव जास्त लागून तसेच वाळले. कडेची रांग म्हणजे स्वॅबने कचरा एका बाजूला ढकलला आणि तिथेच सोडून दिला. कुरिअरच्या प्रवासात धूळ गेली असेल असे फोनवर सांगण्यात आले, पण धुळीने वाळलेल्या द्रवाचा पट्टा उमटत नाही.

त्यानंतर डाग लेन्सवर असतील असे सांगितले. म्हणून मी दोन वेगवेगळ्या लेन्स लावून पाहिल्या. डाग तसूभरही हलले नाहीत. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण असा ठळक ठिपका उमटवत नाही. हे डाग सेन्सरच्या पुढे असलेल्या फिल्टरच्या काचेवर आहेत, आणि तीच काच साफ करण्याचे पैसे तुम्ही घेतले आहेत.

माझी मुख्य तक्रार यापुढची आहे. जॉबशीटवर ‘सफाई पूर्ण, तपासणी ठीक’ असा शेरा आहे. तपासणीचा फोटो मी आग्रहाने मागितला, तेव्हा तो ईमेलने आला. टेबलावर ठेवलेल्या खोक्यांचा तो फोटो आहे आणि त्याच्या माहितीत ॲपर्चर एफ/४ आहे! एवढ्या उघड्या ॲपर्चरला प्रकाश सर्व बाजूंनी येतो, त्यामुळे कणाची सावली विरून जाते. ॲपर्चर एफ/१६, एफ/२२ असे बारीक केले की सावली घट्ट होते आणि डाग दिसतो. एफ/४ ला, तेही गजबजलेल्या चित्रावर, सेन्सरची तपासणी होऊच शकत नाही. हे तुमच्या तंत्रज्ञाला माहीत नसेल तर त्याला प्रशिक्षण द्या. माहीत असूनही त्याने असे केले असेल तर त्याची चौकशी करा.

मांडवातले फोटो मी एफ/२.८ ला काढतो, त्यात हे डाग दिसत नाहीत. पण हिवाळ्यात पैठणला जायकवाडीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, पहाटे पाणी आणि आकाश दोन्ही मोकळे असते, आणि तो सगळा पसारा स्पष्ट यावा म्हणून ॲपर्चर बारीक ठेवावे लागते. त्या आकाशात प्रत्येक फोटोत त्याच जागी करडे ठिपके! कोऱ्या आकाशातला ठिपका संगणकावर पुसता येतो. पंखावर किंवा गवताच्या काडीवर पडलेला ठिपका पुसायचा म्हणजे तिथे नसलेले पीस आणि नसलेली काडी रंगवायची. ते मी करणार नाही. माझ्या फोटोत जे आहे ते तिथे होते, एवढ्या विश्वासावर लोक माझ्याकडून प्रिंट घेतात.

आता तुमचे सेंटर म्हणते की धूळ वॉरंटीत बसत नाही, पुन्हा सफाई हवी असेल तर पुन्हा शुल्क भरा. मी वॉरंटी मागितलेलीच नाही. मी पैसे देऊन एक काम सांगितले, ते झाले नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यालाच सेवेतील त्रुटी म्हणतो, आणि त्याच कायद्याने मला माझ्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पुण्या-मुंबईला यावे लागत नाही.

माझे म्हणणे एवढेच : सफाई नव्याने, विनाशुल्क करून द्यावी आणि दोन्ही वेळचा कुरिअरचा खर्च कंपनीने सोसावा. स्वॅब फिरवताना फिल्टरवर ओरखडा पडला आहे का, हे भिंगाखाली पाहून लेखी कळवावे. ओरखडा निघाल्यास तो भाग कंपनीच्या खर्चाने बदलावा. आणि माझ्याच नव्हे, तुमच्याकडे सफाईला येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर सफाईआधीचा व नंतरचा असे कोऱ्या पृष्ठभागाचे एफ/१६ चे दोन फोटो ग्राहकाला द्यावेत. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत. गावाकडून कॅमेरा पाठवणाऱ्याला समोर उभे राहून काम पाहता येत नाही. त्याच्या हाती एवढा तरी पुरावा असायला हवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पुढे परभणीच्या जिल्हा आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक व छायाचित्रकार,
परभणी

सोबत : शुल्काची पावती, जॉबशीटची प्रत, पाठवण्यापूर्वीचा व परत आल्यानंतरचा चाचणी फोटो, सेंटरने पाठवलेला एफ/४ चा फोटो