आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जर्मनच्या बाईंना, उशिरा का होईना

बाई, सा. न. वि. वि.

मागच्या बुधवारी तुमच्या घरी गेलो होतो. जिना चढून वर आलो तर दाराला कुलूप, आणि खालच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं की बेन तो पूना गयां, मुलाकडे, दिवाळीपासून. हातात चॉकलेटची पिशवी घेऊन तिथेच पायरीवर बसलो थोडा वेळ, मग तुमच्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली मावशी व्हॉट्सॲप बघत नाही आणि फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून चिडते, तू लिहून टाक, मी मोठ्याने वाचून दाखवीन. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. वाचताना तिचे जर्मन शब्द चुकले तर तिला लगेच थांबवू नका, निदान पहिल्या पानावर तरी नको.

बातमी अशी की मला जर्मनीत ट्रेनर सी लायसन्स मिळालं, म्हणजे कोचचा पहिला परवाना. अमेरिकन फुटबॉलचं. १२० तासिकांचा कोर्स असतो, एक तासिका ४५ मिनिटांची, शनिवार-रविवार जाऊन पूर्ण केला, वर फर्स्ट एडच्या ९ तासिका वेगळ्या, मुलांसोबत काम करायचं म्हणून चारित्र्याचा सरकारी दाखला वेगळा, आणि शेवटी खरोखरची मुलं समोर उभी करून शिकवून दाखवायचं आणि मागे परीक्षक वही घेऊन उभा. त्या दिवशी पाय जे कापत होते ना बाई, ते तुमच्याकडे पहिल्यांदा डेअर-डी-डास म्हणताना कापले होते तसेच.

मी तुमच्याकडे २०१८ मध्ये आलो ते नुसतं ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, करायला. मास्टर्सला जर्मनीला जायचं, बस. सकाळी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब, मग कॉलेज, मग संध्याकाळी तुमचा क्लास, आणि मी यायचो तो अंगाला एरंडेलाचा वास घेऊन, तुम्ही खिडकी उघडायचात पण कधी काही बोलला नाहीत. खालून सेव-उसळीचा वास वर यायचा, त्यात अक्कुझाटिव आणि डाटिव या विभक्त्या डोक्यात राहणार कशा. मी बोलताना वहीत बघायचो, कारण बाहेर बघितलं की सगळं विसरायचो. तुम्ही झोपाळ्यावरून पाय न हलवता म्हणायचात, "मान वर." परत मान खाली गेली की परत "मान वर." मग तुम्ही मला समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्यात, एकीकडे क्रियापद चालवायचं आणि दुसरीकडे पाटीवरचा फोन नंबर लक्षात ठेवायचा, आणि शेवटी तुम्ही नंबर विचारायचात, क्रियापद नाही! तेव्हा मला वाटायचं बाईंना माझी मजा येते. येत असेलही.

तर ते नंबरचं प्रकरण पुढे येईलच.

तिकडे जर्मनीत पहिल्याच थंडीत हॉस्टेलच्या खालच्या बोर्डावर कागद दिसला, फुटबॉलला माणसं पाहिजेत, अनुभव नको, वजन चालेल. मला वाटलं साधा फुटबॉल. गेलो तर सगळे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतायत. आपल्याकडच्या लोकांना वाटतं हा खेळ फक्त अमेरिकेत चालतो, पण जर्मनीत तो अमेरिकन सैनिकांच्या तळांमुळे रुजला, फ्रँकफर्टला १९७७ मध्ये पहिला क्लब झाला, १९७९ पासून लीग चालू आहे. आमचा भाग पूर्वेकडचा, तिथे हे सगळं बर्लिनची भिंत पडल्यानंतर आलं. आणि क्लब म्हणजे काय, आपल्या गणेश मंडळासारखंच. वर्गणी भरायची, खेळाडूंच्या आया केक करून आणणार, कुणाचे तरी वडील सॉसेज भाजणार, आणि मैदानावर यार्ड मोजायची साखळी धरायला उभे असतात ते पण घरचेच.

पहिल्या दिवशी सामानवाल्या आजोबांना विचारलं माझ्या मापाचं हेल्मेट आहे का, ते म्हणाले "नू". आपण बडोद्याचे, आपल्या कानाला ते "ना" सारखंच लागणार. मी मान हलवली आणि निघालो परत, ते मागून ओरडतायत. नंतर कळलं की आमच्या त्या भागात, सॅक्सनीत, नू म्हणजे हो! हे तुम्ही शिकवलं नव्हतं, तेवढी एक तक्रार. दुसरं म्हणजे ते लोक त्या लांबुळक्या बॉलला लाडाने अंडं म्हणतात, म्हणजे "आय", आणि कोच लांबून ओरडायचा आय, आय, आणि मला दर वेळी वाटायचं कुणीतरी कळवळून आईला बोलावतंय.

त्या रात्री तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, आधी मला मराठीत सांग हा खेळ काय आहे, एकही इंग्रजी शब्द न वापरता. एक तास लागला बाई! चार संधी मिळतात, चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं, गेलं तर परत चार संधी, नाही गेलं तर चेंडू दुसऱ्याचा, मैदान १०० यार्ड आणि दोन्ही टोकांना दहा दहा यार्डाचं घर, घरात शिरलं की सहा गुण. तुम्ही मध्येच, "चेंडू हातात घेऊन पळतात तर फुटबॉल कशाला म्हणतात?" यावर माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही. आणि मग तुम्ही म्हणालात, "म्हणजे आट्यापाट्याच की, फक्त चेंडू जास्तीचा." मी हसलो फोनवर, पण खरं सांगतो, त्यानंतर मला मधला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागे मध्यभागी उभा असतो तो, कधी समजावून घ्यावा लागला नाही. तो आट्यापाट्यांतला सूर आहे. सगळ्या पाट्या आडव्या, हा एकटा उभा धावणार. मी तीन सीझन तीच जागा खेळलो.

खेळाडू म्हणून मी ठीक होतो, त्यापलीकडे नाही. हे लिहायला वाईट वाटत नाही आता. तिकडच्या क्लबांत अमेरिकन मुलं येतात, कॉलेजात खेळून आलेली, त्यांना खोली, जेवण, थोडे पैसे, आणि मैदानावर एका वेळी किती अमेरिकन उतरवायचे याचा नियम असतो, म्हणून बाकीच्या जागा आमच्यासारख्यांना. ती मुलं सात-आठ वर्षांची असल्यापासून हे खेळतात. मी बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा शोल्डर पॅड घातले ते पण उलटे. तिथे कोच व्हायचं म्हटलं तर माझ्या बायोडेटावर लिहायला काय, मल्लखांब आणि मेकॅनिकल.

मग तो दुसरा क्लब आला, त्याचं नाव लिहीत नाही. खेळ आणि मुलांना शिकव, आम्ही खोली देतो, बसचा पास देतो, महिन्याला इतके देतो. मी करारपत्राचे फोटो तुम्हाला पाठवले, म्हणजे तुमच्या भाचीच्या फोनवर, आणि तुम्ही भिंग घेऊन बसलात. दुसऱ्या दिवशी सांगितलंत दोन गोष्टी, एक म्हणजे आधी परदेशी लोकांच्या ऑफिसातून परवानगीचा कागद काढ, आणि दुसरी, चौथ्या कलमात "नाख एरमेसन डेस फोरश्टांड्स" लिहिलंय, म्हणजे कमिटीला वाटलं तर पैसे, न वाटलं तर नाही, ते खोडून घे. पहिलं ऐकलं. दुसरं नाही ऐकलं. मला वाटलं इतकी चांगली माणसं आहेत, केक देतात. दोन महिने पैसे आले, मग कमिटीला वाटेनासं झालं.

मी तुम्हाला सांगितलंच नाही महिनाभर, लाज वाटत होती. सांगितलं तेव्हा मला वाटलं आता बोलणी बसणार, तर तुम्ही म्हणालात, "वही घे." फोनवर पत्र सांगितलंत, सेअर गेएअर्टे, म्हणजे आदरणीय, वगैरे सगळं मानाने, कुठे एक शब्द वाकडा नाही, आणि शेवटी १४ दिवसांची मुदत, तारखेसकट. मला एक वाक्य घालायचं होतं की तुम्ही मला फसवलंत, ते तुम्ही घालू दिलं नाही. निम्मे पैसे आले बाई. निम्मे गेले. जे आले त्यात मी खोली बदलली आणि परत जुन्या क्लबात आलो.

आणि तिथेच खरं काम सुरू झालं, यू-१६ च्या, म्हणजे सोळाच्या आतल्या मुलांसोबत. आमच्याकडे त्या वर्षी एक अमेरिकन कोच होता, खेळाची समज माझ्या दहापट, फळ्यावर काढायला लागला की बघत राहावं. पण चौदा वर्षांच्या मुलाला चिखलात, अंधार पडत असताना, पाचव्यांदा चुकल्यावर इंग्रजीत सांगितलेलं कळत नाही. हडल, स्नॅप, ब्लिट्झ हे शब्द सगळ्यांना येतात, पण गुडघा का वाकवायचा, भीती वाटली तर काय करायचं, तू काल रडलास ते ठीक आहे, हे त्याच्या भाषेत सांगावं लागतं. ते मी सांगू शकत होतो. हळूहळू तो कोच फळ्यावर काढायचा आणि मी बोलायचो, आणि मग त्यानेच कमिटीला सांगितलं की पुढच्या वर्षी मुलं याला द्या. मला दार उघडलं ते तुमच्या जर्मनमुळे, माझ्या टॅकलमुळे (समोरच्याला धरून पाडणं) नाही.

एक मुलगा होता, अंगाने काडी. टॅकल करायला गेला की डोकं खाली. हे सगळ्यात धोक्याचं, डोकं खाली घालून हेल्मेट आधी आदळलं तर मानेचा कणा जाऊ शकतो, आयुष्यभराचं नुकसान. मी "कोप्फ होख, कोप्फ होख", म्हणजे डोकं वर, ओरडून दमलो, तो मान डोलवायचा आणि परत तेच. घरी येताना ट्राममध्ये एकदम तुमचा झोपाळा आठवला. पुढच्या प्रॅक्टिसला समोरच्या पोराच्या छातीवर खडूने रोज वेगळा आकडा लिहिला आणि याला सांगितलं, टॅकल कसा झाला ते मी विचारणारच नाही, फक्त आकडा सांग. पहिल्या दिवशी आकडा चुकला. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी चिखलातून उठला, तोंडात माउथगार्ड तसाच, आणि बोबडं बोबडं ओरडला "झीबनउंटफिर्त्सिश!" सत्तेचाळीस. बरोबर होतं. मी त्याला काय म्हणालो माहितीये, तोंडातून मराठीच निघालं, मान वर! आता ती सगळी पोरं एकमेकांना "मान्वा, मान्वा" ओरडतात, आया विचारतात ही कुठली अमेरिकन टर्म आहे.

परीक्षेत शिकवून दाखवायचं होतं त्यात मी हेच केलं. परीक्षकाने खडू कशाला म्हणून विचारलं तेव्हा मी तुमचं नाव नाही घेतलं, नुसतं माझ्या शिक्षिकेची पद्धत आहे म्हणालो, आणि त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

पैशाचं विचाराल म्हणून सांगून टाकतो, यात पोट भरत नाही. दिवसा इंजिनिअरची नोकरी, आठवड्यात तीन संध्याकाळी आणि रविवारी हे. क्लबात शिकवण्याचे पैसे वर्षाला एका ठराविक रकमेपर्यंत टॅक्समधून सुटतात, माझे तेवढे होतही नाहीत. पण पुढे बी लायसन्स आहे, मग ए, आणि मोठे क्लब पूर्ण पगारी कोच ठेवतात, थोडेच, पण ठेवतात. आईला हे सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, भाचीने हा परिच्छेद फक्त तुम्हालाच वाचून दाखवावा (आई हे वाचणार हे मला माहीत आहे).

अजून एक. १६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत ऑलिंपिक कमिटीची बैठक झाली त्यात क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉल पण २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी घेतला, आपल्याकडे सगळ्यांनी फक्त क्रिकेटची बातमी वाचली. त्यात पाच-पाच जण, आदळाआपट नाही, कमरेला दोन बाजूंना पट्ट्या असतात आणि टॅकलच्या ऐवजी पट्टी ओढायची. मी येताना बॅगेत दोन बॉल हवा काढून आणले, मंगळ बाजारातल्या एका टेलरकडून वेल्क्रोचे पट्टे शिवून घेतले, तो विचारत होता गरब्याचं काही आहे का, आणि शनिवारी पोलो ग्राउंडवर चौदा पोरं गोळा केली. क्रिकेटवाल्यांनी आम्हाला कोपऱ्यात ढकललं ते ठीकच आहे, बडोदा आहे. एक पोरगी, शेजारच्या गुजराती काकांची नात, तिने पहिल्याच डावात तिघांच्या पट्ट्या काढल्या आणि चौथ्या वेळी खाली बघत पळाली आणि सरळ माझ्यावर आदळली. खडू होताच खिशात.

तर बाई, माझं मुंबईहून विमान ११ तारखेला आहे, मी ९ ला सकाळी पुण्यात पोचतो. चॉकलेट वितळायला लागलीत म्हणून ती झेरॉक्सवाल्याच्या मुलांना दिली, तुमच्यासाठी आपला बडोद्याचा लिलो चिवडो आणतोय. २०१९ च्या मे महिन्याची फी राहिलीये, तुम्ही तेव्हा घेतली नव्हती, ती पाकिटात घातली आहे आणि या वेळी वाद घालायचा नाही. आणि भाचीला विचारून ठेवा तुमच्या पुण्यातल्या बिल्डिंगच्या खाली मोकळी जागा आहे का, एक बॉल मी परत नेत नाहीये.

तुमचा,
एरंडेलाच्या वासाचा विद्यार्थी