जिममधला झेंडा आणि फलकावरची सरसकट नोटीस

दिनांक : ११ जानेवारी

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

विषय : जिमच्या भिंतीवरचा झेंडा उतरवण्याबाबत आणि 'कोणताही झेंडा लावू नये' ही नोटीस मागे घेण्याबाबत

अध्यक्षसाहेब, स. न. वि. वि.

लिफ्टशेजारच्या फलकावर रविवारी आपली नोटीस लागली. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, पार्किंगमध्ये किंवा बाल्कनीत कोणताही झेंडा लावण्यास सक्त मनाई आहे. खाली शिक्का आणि सही. संध्याकाळी दूध आणायला उतरले तर कोणीतरी त्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'तिरंगासुद्धा?' सव्वीस जानेवारी पंधरा दिवसांवर आली आहे, तेव्हा प्रश्न काही वावगा नाही.

ग्रुपवर तीन दिवसांत इतके मेसेज पडले की मूळ प्रकरण कुठल्या कुठे राहिलं. बी विंगमधल्या मुलाने डिसेंबरात जिममध्ये, ट्रेडमिलच्या समोरच्या भिंतीवर, मोटारसायकलींची पोस्टरं लावली आणि मधोमध एक झेंडा ठोकला. लाल कापड, त्यावर निळी तिरपी फुली, फुलीत तेरा पांढरे तारे. महिनाभर कोणी काही बोललं नाही. मी पाहिलाच नव्हता, माझा गुडघा जिमच्या पायऱ्या चढू देत नाही. मग सी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या नायजेरियाच्या विद्यार्थ्याने सेक्रेटरींना विचारलं, की हे काय आहे ते सोसायटीला माहीत आहे का? सेक्रेटरी म्हणाले, 'अमेरिकेचा आहे बहुतेक.' पोरगा बरं म्हणाला आणि त्या दिवसापासून जिमला यायचा बंद झाला. पैसे त्याने मार्चपर्यंतचे भरलेत.

फोटो ग्रुपवर पडला आणि भडका उडाला. एक म्हणाले, जुना इतिहास आहे, काय बिघडलं. दुसरे म्हणाले, भाडेकरूंनी आम्हाला शिकवू नये. तिसऱ्यांना येत्या शिवजयंतीच्या भगव्याची काळजी लागली, त्यावरून कोणी निळ्या झेंड्याचं काढलं, कोणी हिरव्याचं. एका ताईंनी विचारलं की आता दारावरची स्वस्तिकंही पुसायची का. आणि रात्री बाराला आपण सगळ्यांना एकाच दोरीने बांधून मोकळे झालात.

तो अमेरिकेचा झेंडा नाही, तिथल्या यादवी युद्धात देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या फौजेचा, म्हणजे 'कॉन्फेडरेट' झेंडा आहे. हा झेंडा खांबावर फडकताना मी पाहिला आहे आणि उतरतानाही पाहिला आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. निवृत्त मास्तरीण आहे, सवय जात नाही.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी २०१५ च्या मे महिन्यात मी दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबियाला गेले. राज्याची राजधानी, पण दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाळाने जरा अंग धरल्यावर लेकीला झोप मिळावी म्हणून मी सकाळी बाबागाडी घेऊन बाहेर पडायची ती विधानभवनाच्या बागेपर्यंत. तिथे सावली होती. इमारत दगडी, वर तांब्याचा घुमट, आणि १८६५ मध्ये उत्तरेच्या शर्मन सेनापतीच्या तोफांचे गोळे भिंतीला जिथे लागले तिथे ब्राँझच्या चांदण्या ठोकलेल्या. मी मोजल्या, सहा. पुढच्या बाजूला दक्षिणेच्या सैनिकांचं स्मारक आणि त्याच्या शेजारी उंच खांबावर हाच झेंडा. मला वाटलं, असेल राज्याचा. आपल्या सेक्रेटरींना मी हसू शकत नाही ते एवढ्यासाठी.

१७ जूनच्या बुधवारी रात्री चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एक एकवीस वर्षांचा गोरा पोरगा गेला. बायबल वाचायला जमलेल्या लोकांनी त्याला बसायला जागा दिली. तो त्यांच्यात बराच वेळ बसला आणि मग त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. सगळे कृष्णवर्णीय. त्यांतले पाद्री क्लेमेंटा पिंकनी हे राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. तीन दिवसांत त्या पोराचे फोटो सापडले, हातात हाच झेंडा.

दुखवट्यात विधानभवनावरचा देशाचा आणि राज्याचा झेंडा अर्ध्यावर आला. हा मात्र खांबाच्या टोकाला तसाच, कारण विधिमंडळाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नाही असा कायदाच होता. पिंकनींची शवपेटी विधानभवनात दर्शनाला ठेवली, तेव्हा आतून झेंडा दिसू नये म्हणून एका खिडकीला काळं कापड लावावं लागलं. साहेब, ज्या भिंतीवर सगळ्यांचा हक्क, तिथे एकाने लावलेली वस्तू दुसऱ्याच्या मयतीत कापडाने झाकायची वेळ येते. मला पुढचा सगळा वाद त्या कापडात दिसतो.

मग ब्री न्यूसम नावाची तरुणी २७ जूनला पहाटे खांबावर चढून झेंडा खाली घेऊन आली. तिला अटक झाली आणि नवा झेंडा तासाभरात वर गेला. शेवटी विधानसभेत मध्यरात्र उलटेपर्यंत वाद होऊन ९४ विरुद्ध २० मतांनी ठराव झाला. गव्हर्नर होत्या निकी हेली, आईवडील पंजाबातले. त्यांनी सही केली आणि १० जुलैला सकाळी दहाच्या सुमाराला झेंडा उतरवला. जावयाने सुट्टी काढली होती, मी त्याच्याबरोबर गेले. ऊन असं की बांगड्या तापल्या. शेजारी उभ्या असलेल्या एका कृष्णवर्णीय बाईने न बोलता तिची छत्री माझ्याकडे सरकवली. पांढरे हातमोजे घातलेल्या पोलिसांनी झेंडा खाली घेतला, गुंडाळला, पांढऱ्या फितीने बांधला आणि तो म्युझियमकडे गेला. जाळला नाही, फाडला नाही. काही मिनिटांचं काम. मी म्हटलं, एवढ्यासाठी इतकी वर्षं? जावई म्हणाला, चोपन्न.

कारण हा झेंडा तिथे काही युद्धापासून नव्हता. ते युद्ध १८६१ ते १८६५. विधानभवनाच्या घुमटावर झेंडा चढला १९६१ मध्ये, युद्ध संपून शहाण्णव वर्षं झाल्यावर. निमित्त शताब्दीचं. पण त्याच दिवसांत तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या हॉटेलात शेजारी बसू द्या म्हणून मार खात होते. त्यांना त्या घुमटाकडे बघून काय समजायचं ते समजलं. २००० मध्ये तडजोड होऊन तो घुमटावरून स्मारकाशेजारी आला. तेव्हा 'इतिहास आहे' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की कोणत्या सालचा. शिवाय तो त्या फुटीर सरकारचा राष्ट्रध्वजही नव्हता, त्यांच्या एका फौजेचा रणध्वज होता.

आणि ती फौज कशासाठी लढत होती यात संशयाला जागा नाही. संघराज्यातून सर्वांत आधी फुटलं ते दक्षिण कॅरोलिनाच, डिसेंबर १८६० मध्ये, आणि का फुटलो हे त्यांनी स्वतःच कागदावर लिहून ठेवलंय : गुलामगिरी. त्या वर्षीच्या शिरगणतीत राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं कोणाच्या तरी मालकीची होती. त्या फुटीर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी तर भर सभेत सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, याच पायावर आमचं सरकार उभं आहे. म्हणून स्वस्तिकाचा दाखला मला लागू पडत नाही. स्वस्तिक नाझींनी चोरून नेलं. हा झेंडा कोणी चोरला नाही, ज्या कामासाठी शिवला त्याच कामाला पुढेही वापरला.

तरी त्या ताईंचा प्रश्न मी उडवून लावत नाही, कारण तो माझ्या घरात घडलाय. नातवाच्या बारशाला मी पहाटे उठून उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठीने स्वस्तिक काढायला बसले. लेक धावत आली, 'आई, बाहेर नको.' मी अर्धा दिवस तिच्याशी बोलले नाही. आपल्या पणजीपासूनची खूण आणि मला माझ्याच लेकीच्या दारात नको! ती म्हणाली, 'समोर राहणाऱ्या ज्यू आजी सकाळी फिरायला निघतील, तेव्हा तू त्यांना थांबवून मराठीत समजावणार आहेस का?' शेवटी स्वस्तिक पाळण्याखालच्या पाटावर काढलं आणि दारात गोपद्मं. बारसं काही अडलं नाही. पण राग आला होता हे खरं, आणि तो चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. म्हणून बी विंगमधल्या मुलाचा राग मला कळतो.

दुसरी बाजूही सांगते. लेकीच्या शेजारी एक म्हातारे गोरे गृहस्थ राहायचे. त्यांच्या व्हरांड्यात हाच झेंडा होता. पणजोबा त्या फौजेत मेले म्हणायचे. लेक बाळंत झाल्यावर पहिल्या दिवशी टोपलीभर पीच घेऊन तेच आले. विधानभवनावरचा झेंडा उतरला तरी त्यांच्या व्हरांड्यातला होता तिथेच राहिला, आणि तो काढा म्हणून त्यांच्या दारात कोणी गेलं नाही. मला ते आवडत नव्हतं, पण पीच मी खाल्ले. व्हरांडा त्यांचा होता. विधानभवन सगळ्यांचं होतं, त्यात ज्यांच्या पणज्या विकल्या गेल्या त्यांचंही.

आपल्याकडे हाच फरक नोटिशीत पुसला गेला. जिमची भिंत चौऱ्याऐंशी फ्लॅटच्या मेंटेनन्समधून रंगवलेली आहे. तिथे जे टांगलं जातं ते आपल्या सगळ्यांच्या नावाने टांगलं जातं, माझ्यासुद्धा. त्या मुलाने तो झेंडा स्वतःच्या बेडरूममध्ये लावला तर मी तोंड वाकडं करीन, पण समितीकडे येणार नाही.

'अमेरिकेच्या भांडणाशी पुण्याचा काय संबंध' असंही ग्रुपवर आलं. संबंध आहे. युद्धात दक्षिणेचा कापूस अडकला, म्हणून इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर मुंबईत पैशांचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बँका आणि शेअर धडाधड कोसळले. आणि युद्ध संपून आठ वर्षं होतात न होतात तोच, १८७३ मध्ये, याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली. एका बाजूला फुल्यांचं नाव घ्यायचं आणि दुसरीकडे ट्रेडमिलसमोर त्या लोकांच्या विरुद्ध पक्षाचा झेंडा लावायचा, हे मला तरी जमणार नाही.

त्या मुलाबद्दल दोन शब्द. मी त्याला घरी बोलावून विचारलं. त्याने तो मोटारसायकलच्या स्टिकरांबरोबर ऑनलाइन मागवला होता. जुन्या अमेरिकन मालिकेतल्या एका गाडीच्या टपावर तो असायचा, तेवढंच त्याला माहीत. चांगला मुलगा आहे. लॉकडाऊनमध्ये माझी रक्तदाबाची औषधं तीन महिने त्यानेच आणली. सगळं ऐकल्यावर तो गप्प बसला आणि मग म्हणाला, 'आजी, मी कालच काढला असता. पण ग्रुपवर मला वर्णद्वेषी म्हणाले, आता काढला तर ते खरं ठरेल.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी तो शब्द टाकला त्यांनी तो मागे घ्यावा. भाडेकरूंबद्दलचा मेसेज ज्यांचा होता त्यांनीही.

तर माझं मागणं असं. नोटीस आजच मागे घ्यावी. शिवजयंती, १४ एप्रिल, ईद, २६ जानेवारी यांसाठी गेली बारा वर्षं आपण समितीला विचारून आवारात जे लावतो ते तसंच चालू द्यावं, त्यावरून आपल्यात कधी तंटा झालेला नाही. जिममधला झेंडा तो झेंडा आहे म्हणूनच काढतोय, हे समितीने स्पष्ट लिहावं. 'इमारतीच्या सौंदर्याला बाधा' किंवा 'खिळे ठोकण्यास मनाई' असल्या कलमाच्या आड लपू नये, मुलं मूर्ख नसतात. दंडाची भाषा नको. आपण आणि सेक्रेटरी दोघांनी त्याच्या घरी चहाला जावं आणि त्याच्याच हाताने तो उतरवून, घडी घालून त्याला परत द्यावा. त्यानंतर सी विंगमध्ये जाऊन त्या विद्यार्थ्याला जिमला ये म्हणून सांगायचं काम मी करते, इंग्रजी माझं मोडकं आहे पण चालेल.

खिळ्यांची चार भोकं राहतील. पुट्टीचा अर्धा डबा माझ्या माळ्यावर पडून आहे, वॉचमनला पाठवून द्या.

आपली,
ए विंग, तिसरा मजला

ता. क. नोटीस उतरवताना फलकाच्या काचेचं कुलूपही बघून घ्या. ते वर्षभर नुसतंच लटकतंय, म्हणून तर पेन्सिल आत गेली.